चाळीस हजारांचा रंधा मागवण्याआधी

पत्र थोडक्यात असं: वय ४६, नाशिक. तीन वर्षांपासून शनिवार-रविवारी गच्चीवरच्या शेडमध्ये सुतारकाम करते. आजोळचा वाडा उतरवला तेव्हा सागवानाचे दरवाजे आणि तुळया मिळाल्या. त्यातून सहा माणसांचं जेवणाचं टेबल करायचं आहे. जवळ भारतीय बनावटीचा चार नंबरच्या मापाचा लोखंडी रंधा आहे, दोन हजार दोनशेला घेतलेला. "रंधा मारला की तो टकटक उड्या मारतो, लाकडावर पायऱ्या उठतात. गाठीजवळ रेषा उपटून येतात. सालीऐवजी भुसाच निघतो आणि तोंड सारखं चोंदतं." भाऊ दिवाळीत अमेरिकेहून येणार आहे. तो ली-निल्सन किंवा व्हेरिटासचा चार नंबर आणू शकतो. सगळं धरून पस्तीस ते चाळीस हजार पडतील. "पैसे साठवलेत, घरातून विरोध नाही. पण आमच्याकडे काम करून गेलेले सुतारकाका मूठ तुटलेल्या जुन्या रंध्याने काचेसारखं लाकूड काढायचे. ते आठवलं की हात आखडतो. महाग रंधा खरंच तेवढा चांगला असतो, की नुसते नावाचे पैसे? चांगलं हत्यार आलं तर ही रोजची कटकट तरी संपेल ना?"

ताई,

आधी सरळ उत्तर देते. हो, ते रंधे चांगले असतात, आणि पैसे नुसते नावाचे नसतात. पण तुम्ही लिहिलेल्या चारही तक्रारींवरचा उपाय तुमच्या घरातच आहे. शिवाय टेबलासाठी तुम्हाला मुळात चार नंबरचा रंधा पुरणार नाही, मग तो दोन हजारांचा असो की चाळीस हजारांचा. या दोन गोष्टी नीट पाहिल्या की निर्णय सोपा होईल.

ली-निल्सन ही अमेरिकेतल्या मेन राज्यातल्या वॉरेन गावची कंपनी, १९८१ सालची. व्हेरिटास हा कॅनडात ऑटवा इथल्या ली व्हॅली या कंपनीचा ब्रँड. ली-निल्सनचे बाकावरचे रंधे स्टॅन्ली या अमेरिकन कंपनीच्या जुन्या 'बेडरॉक' धाटणीवर बेतलेले आहेत. व्हेरिटासची रचना स्वतःची आहे: पातं आत-बाहेर करणं आणि डावं-उजवं करणं एकाच दांड्यावर, आणि पातं सरकू नये म्हणून तोंडाजवळ, म्हणजे तळातल्या ज्या फटीतून पातं बाहेर येतं तिथे, दोन्ही बाजूंना बारीक स्क्रू. तुमचा रंधा लिओनार्ड बेलीच्या १८६०च्या दशकातल्या रचनेवरचा आहे. १८६९ मध्ये स्टॅन्लीने बेलीचा धंदा विकत घेतला आणि तेव्हापासून जगभर हाच नमुना चालत आला. म्हणजे तुमच्याकडचा रंधा आणि भावाकडून येऊ घातलेला रंधा यांची भूमिती जवळपास एकच: पातं ४५ अंशांत कललेलं, त्यावर चिपब्रेकर, म्हणजे साल मोडणारी लोखंडी पट्टी, आणि वर दाबणारी लिव्हर कॅप. लाकडाला दोन्हींतला फरक कळतो तो धारेत, पात्याच्या बैठकीत आणि तळाच्या सपाटीत.

महाग रंध्यात ही बैठक आणि सपाटी कारखान्यातच करून मिळते. तळ तासून सपाट केलेला असतो. पात्याची पाठ सपाट असते. पातं तीन मिलिमीटरच्या आसपास जाड असतं, तुमचं साधारण दोन असेल. पात्याच्या पोलादात क्रोमियमसारखी भर असते किंवा ते पावडरपासून घडवलेलं असतं, त्यामुळे धार जास्त वेळ टिकते. अंगाचं लोखंडही वेगळं असतं. साधं बिडाचं अंग फरशीवर पडलं तर तोंडाशी तडा जातो. यांचं ओतीव लोखंड चिवट असतं, सहसा फुटत नाही. स्वस्त रंध्यात लोखंड आणि आकार मिळतो, शेवटची तीन-चार तासांची मेहनत मिळत नाही, ती घेणाऱ्याने करायची असते. किमतीतल्या फरकाचा मोठा वाटा या मेहनतीचा आहे.

आता तुमच्या पत्रातलं शेवटचं वाक्य. कटकट म्हणजे धार लावणं असेल, तर ती संपणार नाही. सागवानात सिलिका असते. तिच्यावर कुठलंही पातं लवकर मरतं. भारी पोलादाचं पातं थोडं उशिरा मरेल, पण मेलं की ते दगडावर जास्त वेळ मागेल. आणि पेटीतून काढलेल्या भारी पात्यालाही वापरण्याआधी दगडावरून एकदा फिरवावंच लागतं. धार लावता येत नसेल तर चाळीस हजारांचा रंधा पहिला शनिवार सुंदर जाऊ देईल, आणि तिसऱ्या शनिवारी तुम्ही पुन्हा भुसाच काढत असाल. तुमचे सुतारकाका आठवा. काम थांबवून ते मधून मधून पातं दगडावर घासत असणार, आणि फळी उलटसुलट करून रेषांची दिशा पाहत असणार. तुटक्या मुठीकडे लक्ष गेलं, त्या दोन मिनिटांकडे गेलं नाही, असं अनेकांचं होतं.

तेव्हा तुमची लक्षणं एकेक करून घेऊ.

सालीऐवजी भुसा निघतोय म्हणजे पातं बोथट आहे. खात्रीसाठी पॅकिंगच्या पेटीची पाइनची मऊ फळी घ्या, पातं रंध्यातून काढून हातात धरा आणि फळीच्या टोकाचे, जिथे रेषा कापलेल्या दिसतात तिथले, पातळ काप काढा. टोक चकचकीत निघालं तर धार आहे. पांढुरकं, चुरडल्यासारखं दिसलं तर नाही. कडक लाकडापेक्षा हे मऊ लाकूड कठोर परीक्षक आहे.

धार लावायला दहा मिलिमीटर जाडीची काच किंवा ग्रॅनाइटवाल्याकडचा ओट्याचा तुकडा पुरतो. त्यावर वॉटर पेपर (पाण्यात चालणारा पॉलिश पेपर) पाण्याने चिकटवा, नंबर २२०, ४००, १०००, २०००. आधी पात्याची पाठ, पण सगळी नाही, धारेजवळचा १०-१५ मिलिमीटरचा पट्टाच. तो आरशासारखा झाला पाहिजे, कारण धार दोन पृष्ठांच्या भेटीतून होते आणि पाठ हे त्यातलं एक. हे काम आयुष्यात एकदाच. मग पुढचा उतार. मूळ उतार २५ अंशांचा ठेवून टोकाला ३० अंशांची बारीक दुसरी कड काढा. हाताने कोन सांभाळणं सुरुवातीला जमत नाही, म्हणून बाजूंनी पातं पकडणारं, खाली छोटं चाक असलेलं साधं गाइड घ्या, ते चार-पाचशेत मिळतं. त्यातून पातं ५० मिलिमीटर पुढे काढलं की २५ अंश मिळतात, ३८ काढलं की ३०. एका पट्टीवर ही दोन मापं खिळ्याने ठोकून ठेवा, दर वेळी मोजायला नको.

प्रत्येक कागदावर एवढंच बघायचं: पाठीकडून धारेवर बोट बाहेरच्या दिशेने सरकवलं की पूर्ण रुंदीभर बारीक खरखर लागली पाहिजे. ती बर. बर आली म्हणजे तुम्ही टोकापर्यंत पोचलात. ती येण्याआधी पुढच्या कागदावर उडी मारली तर पुढचे सगळे कागद वाया, आणि नव्या माणसांचं बहुतेक इथेच चुकतं. शेवटी जुन्या कातडी पट्ट्यावर हिरवं पॉलिश कंपाउंड चोळून पाठ आणि उतार पाच-सहा वेळा ओढा, नेहमी धार मागे ठेवून.

तोंड चोंदतंय ते चिपब्रेकरमुळे. पातं आणि चिपब्रेकर घट्ट जोडून खिडकीसमोर धरा आणि दोघांच्या सांध्यातून बघा. उजेडाची केसाएवढी रेघ जरी दिसली तरी साल तिथे घुसते, तिच्यामागे दुसरी, आणि दोन हातांत तोंड बंद. स्वस्त रंध्यात ही रेघ हमखास दिसते. उपाय सोपा आहे. चिपब्रेकरची पात्यावर टेकणारी कड काचेवरच्या ४०० च्या कागदावर घासा. घासताना चिपब्रेकरचं मागचं टोक काचेच्या कडेबाहेर थोडं खाली लोंबू द्या, म्हणजे अगदी पुढची धारच पात्यावर टेकेल, मागचा भाग नाही. मग त्याची वरची गोलाई २००० पर्यंत चकचकीत करा. सालीला घसरायला जागा मिळते.

हीच पट्टी तुमच्या उपटलेल्या रेषांवरचं औषधही आहे, आणि जाड पात्यापेक्षा हे औषध जास्त गुणकारी आहे. जपानच्या यामागाता विद्यापीठात काटो आणि कावाई या प्राध्यापकांनी १९८०च्या दशकात साल कशी तुटते याचं भिंगातून चित्रीकरण केलं होतं. चिपब्रेकर धारेपासून दूर असला की साल वर उचलली जाते आणि धारेच्या पुढचं लाकूड फाटत जातं, गाठीजवळ खड्डे पडतात ते असे. तोच धारेपासून मिलिमीटरच्या एक-दोन दशांशांवर आणला की तो सालीला लगेच मोडून पुढे दाबतो आणि फाटणं थांबतं. घरी मोजायचं साधन नाही, तर डोळ्यांनी करा: चिपब्रेकरच्या पुढे पात्याची चकाकती रेघ जेमतेम दिसेल इतकीच ठेवा, स्क्रू अर्धा आवळा, पट्टी अंगठ्याच्या नखाने ढकला, मग पूर्ण आवळा. बरोबर बसलं की साल गुंडाळी न होता सरळ उभी बाहेर येते. ती पंख्यासारखी चुण्या पडून येऊ लागली तर जरा जास्तच जवळ आणलंय, मागे घ्या. जाड साल काढायची असेल तेव्हा मात्र एक ते दीड मिलिमीटर मागे हवं, नाहीतर रंधा ढकलवणार नाही.

टकटक उड्यांची कारणं दोन-तीन असतात. पातं ज्या उतरत्या बैठकीवर टेकतं तो भाग, म्हणजे फ्रॉग, सोडवा. त्याच्याखाली रंगाचे थेंब आणि ओतकामातले उंचवटे सापडतील. जिथे लोखंड लोखंडाला भेटतं ते सगळे डाग कानशीने साफ करा. फ्रॉग परत बसवताना त्याचा उतार तळाच्या फटीच्या मागच्या कडेशी एका पातळीत आणा, म्हणजे पात्याला शेवटपर्यंत आधार मिळेल. लिव्हर कॅपचा स्क्रू इतका आवळा की लिव्हर अंगठ्याने दाबताना स्पष्ट 'खट्' व्हावं, पण पातं आत-बाहेर करणारी पितळी चक्री बोटांनी फिरत राहावी. चक्री फिरवताना सुरुवातीला थोडी मोकळी फिरते, तो दोष नाही. पातं मागे घेतलं तरी शेवटचं वळण नेहमी पुढे आणणारंच द्या, नाहीतर काम करता करता पातं आत सरकतं.

तळाचं काम शेवटी, आणि लोक समजतात तेवढं नाही. काचेवर ८०चा कागद, पातं आत ओढलेलं पण लिव्हर कॅप आवळलेली, कारण तिच्या दाबाने तळ किंचित वाकतो. तळावर मार्करने तिरप्या रेघा मारा आणि घासा. पुढचं टोक, तोंडाच्या लगेच पुढची जागा आणि मागचं टोक, एवढ्या तीन ठिकाणच्या रेघा पुसल्या गेल्या की थांबा. मधे खोलगट राहिलं तर राहू द्या. रंधा डोलवत घासलात तर तळ फुगीर होईल, आणि ते पहिल्यापेक्षा वाईट. मग तळावर मेणबत्तीच्या तुकड्याने एक नागमोडी रेघ ओढा. ढकलायला लागणारा जोर एकदम कमी होतो. दर काही मिनिटांनी ओढत राहा.

हे सगळं एका रविवारचं काम आहे, खर्च हजाराच्या आसपास. दिवाळीआधी एवढं कराच. कारण हे करून झाल्यावर तुम्हाला प्रथमच कळेल की तुमचा रंधा खरोखर कुठे कमी पडतो. काही रंधे पडतातही: फ्रॉग आडवा डुलत राहतो, बिडाचं अंग पिळवटलेलं असतं, पातं इतकं मऊ असतं की दहा हातांत धार वळते. तसं निघालं तर तो रंधा सोडून देण्यात काही चुकीचं नाही.

आता टेबल. सहा माणसांचं टेबल म्हणजे साधारण पाच-साडेपाच फूट. चार नंबरचा रंधा नऊ-दहा इंच लांबीचा. तो खड्ड्यात उतरतो आणि उंचवट्यावर चढतो, फळी गुळगुळीत करतो पण सपाट करत नाही. सपाट करायला लांब तळ लागतो: पाच नंबर, चौदा इंच, किंवा सात नंबर, बावीस इंच. पाच नंबरच्या पात्याची धार सरळ न ठेवता किंचित कमानदार काढायची, मग आधी फळीवर आडवं-तिरपं रंधून उंचवटे खाली आणायचे, नंतर रेषांच्या दिशेने. चार नंबर शेवटच्या दोन-तीन हातांपुरताच. म्हणजे तुमची पुढची खरेदी पाच नंबरची हवी.

त्यासाठी मी जुना बाजार सुचवीन. पुण्याचा बुधवार-रविवारचा जुना बाजार, मुंबईचा चोर बाजार, किंवा बंद होत असलेला एखादा कारखाना. शेफील्डच्या रेकॉर्ड कंपनीचे किंवा इंग्लंडमध्ये बनलेले स्टॅन्लीचे पाच नंबर अशा ठिकाणी अधूनमधून निघतात. गंजाला घाबरू नका, तो निघतो. तोंडाच्या दोन्ही कोपऱ्यांत आणि बाजूच्या भिंतींवर केसासारखा तडा आहे का ते उजेडात बघा. तडा असेल तर सोडून द्या. पात्याच्या पाठीवर धारेजवळ गंजाचे खोल खड्डे नकोत, आणि खाचेच्या पुढे पातं निदान इंच-दीड इंच शिल्लक हवं. सगळे स्क्रू जागेवर आहेत ना, तेही मोजा. या रंध्यांचे आटे नेहमीच्या दुकानातल्या स्क्रूंशी जुळत नाहीत, एक हरवला तर रंधा महिनोन्‌महिने पडून राहतो.

तुमच्या लाकडाबद्दल वेगळं लिहावंसं वाटतं, कारण वाड्याचं सागवान सगळ्यांच्या नशिबात नसतं. त्यात खिळे असणारच, काही डोकी तुटून आत राहिलेले. प्रत्येक फळीवरून ताकदीचं चुंबक हळूहळू फिरवा, जिथे ओढ लागेल तिथे खडूने खूण करा, खिळा काढा. तारेच्या ब्रशने माती आणि वाळूचे कण झाडा. जुन्या तैलरंगात शिसं असण्याची शक्यता असते, तो कोरडा घासू किंवा खरवडू नका, ओला करून खरवडा, मास्क लावा आणि मुलांना लांब ठेवा. इतकं करूनही एखादा खिळा निसटतोच. पहिल्या रंधणीत धारेला खांड पडणार हे धरूनच चाला. ती खांड दोन हजारांच्या रंध्याला पडू दे. भावाने कौतुकाने आणलेल्या रंध्याला पहिल्याच दिवशी पडली तर जीव हळहळेल, आणि जाड, कडक पोलादातली खांड काढायला संध्याकाळ जाईल.

मग महाग रंधा कुणी घ्यावा? ज्यांच्याकडे आठवड्यातले तीनच तास आहेत आणि ते लोखंड घासण्यात घालवायचे नाहीत, त्यांनी. धार उत्तम लागते, आहे त्या रंध्यातून सगळं काढून झालंय आणि आता चक्रीची मोकळीक, मुठीचा आकार, वजन यांतला फरक हाताला कळतो, त्यांनी. आणि ज्यांना नुसतं सुंदर हत्यार हातात घेऊन आनंद होतो, त्यांनीही. तो आनंद खरा आहे, त्यासाठी कुणापुढे हिशेब मांडायची गरज नाही. पण चांगल्या रंध्यावर पैसे घालायचेच तर माझं मत ठाम आहे: ते चार नंबरवर घालू नका. चार नंबर हा स्वस्तात घेऊन सुधारता येण्यासारखा रंधा आहे. शोल्डर प्लेन, म्हणजे कुसवाच्या (दुसऱ्या लाकडाच्या खाचेत बसणाऱ्या जिभेच्या) खांद्याला लावायचा अरुंद रंधा, तसा नाही. त्याची बाजू तळाशी नेमकी काटकोनात असावी लागते, आणि ती चुकीची आली तर घरी काचेवर घासून सुधारत नाही, बिघडते. एका हातात मावणारा, खाली झोपलेल्या पात्याचा ब्लॉक प्लेनही तसाच. फळ्यांची टोकं, कडा, सांधे यांसाठी तो रोज लागेल, आणि त्याची किंमत चार नंबरपेक्षा बरीच कमी असते. तुमच्या टेबलाला पाय जोडताना कुसवं येतीलच.

भावाला काय सांगायचं? दिवाळीपर्यंत रविवारचं काम करून पाहा आणि मग ठरवा. तुमच्या रंध्याचं अंग ठीक पण पातं मऊ निघालं तर त्याला फक्त चांगलं पातं आणि चिपब्रेकर आणायला सांगा, रंध्याच्या किमतीच्या एका छोट्या हिश्शात काम होतं. सांगण्याआधी दोन मापं घ्या: पात्याची रुंदी, आणि तळाची फट पुढून मागे किती आहे ती. जाड पातं अरुंद फटीतून बाहेर येत नाही, आणि चक्रीचा आतला दांडा जाड पात्यातून चिपब्रेकरच्या खाचेपर्यंत पोचत नाही, या दोन ठिकाणी अडतं. फट कानशीने वाढवायची झाली तर पुढच्या बाजूनेच, एका वेळी दोन-चार हात, आणि दर वेळी पातं घालून बघत. सगळं ठीक निघालं तर त्याला ब्लॉक प्लेन आणायला सांगा. काहीही आणलं तरी ते चेक-इनच्या बॅगेत ठेवायचं, हातातल्या नाही, आणि निघण्याआधी लोखंडाला शिलाई यंत्राच्या तेलाचा हात फिरवून जाड कागदात गुंडाळायचं.